घट बसण्यापूर्वी

आश्विन शुद्ध प्रतिपदा उजाडली, की महाराष्ट्रातील घरोघरी देवघरापुढील जागा स्वच्छ होते. परडीत शेतातील माती चाळून पसरली जाते, तीत सात किंवा नऊ धान्यांचे दाणे पेरले जातात आणि मधोमध पाण्याने भरलेला मातीचा घट विराजमान होतो. वर विड्याची अथवा आंब्याची पाने, त्यावर श्रीफळ, वरून सोडलेली फुलांची माळ, शेजारी अखंड तेवणारा नंदादीप. नऊ दिवस आपण त्या घटापुढे हात जोडतो, माळा चढवितो, आरती म्हणतो. हा घट आदल्या दिवशी बाजारातून आणलेला असतो. त्यापूर्वी त्याचे काय काय झाले, कोणत्या हातांनी त्यास हा आकार दिला, याची विचारपूस मात्र आपण क्वचितच करतो. प्रस्तुत लेख घटाच्या त्या पूर्ववृत्तासंबंधी आहे.

वास्तविक मातीच्या भांड्यावाचून आपले एकही मोठे धर्मकृत्य तडीस जात नाही. संक्रांतीस सुगडे हवीत, अक्षय्य तृतीयेस पितरांच्या नावे उदककुंभ हवा, गोकुळाष्टमीस हंडी हवी, दिवाळीस पणत्या हव्यात. लग्नात बहुल्याच्या चार कोपऱ्यांवर मडक्यांच्या उतरंडी रचल्या जातात, आणि माणसाच्या अखेरच्या प्रवासात अग्नी घेऊन पुढे चालते तेही मडकेच. कुंभार हा बारा बलुतेदारांपैकी एक. वर्षभर गावास लागतील ती मडकी त्याने पुरवावीत आणि सुगीत खळ्यावरून आपला धान्याचा वाटा न्यावा, अशी जुनी व्यवस्था होती. ती व्यवस्था गेली. घटाची गरज राहिली. असो.

पनवेलहून गोव्याच्या रस्त्याने दक्षिणेस निघाले, की कर्नाळ्याचा अंगठ्यासारखा सुळका दिसू लागतो. त्याच्या अलीकडे शिरढोण हे गाव लागते. आद्य क्रांतिवीर वासुदेव बळवंत फडके यांचा जन्म १८४५ साली येथे झाला. काही वर्षांपूर्वी नवरात्रात या गावी कीर्तनसेवेचा योग आला. ज्यांच्या घरी उतरलो होतो, त्यांच्या मातोश्री ऐंशीच्या पुढच्या. सारे घर त्यांना माई म्हणे. सर्वपित्री अमावास्येच्या दुपारी त्यांनी मला माजघरात बोलावले. बाजारातून दोन घट आले होते. एक साधा, तांबूस, एका अंगाने किंचित काळवंडलेला. दुसरा तैलरंगाने रंगविलेला, त्यावर सोनेरी वेलबुट्टी आणि बारीक आरसे. नातवंडांना दुसराच हवा होता, हे सांगावयास नको.

“बुवा, तुम्ही शास्त्री. यातला कोणता बसवू, ते तुम्हीच सांगा,” माई म्हणाल्या.

मी सांगितले, की कलश सोन्याचा, रुप्याचा, तांब्याचा वा मातीचा, ज्याच्या त्याच्या ऐपतीप्रमाणे चालतो. तो अव्रण, म्हणजे तडा वा भोक नसलेला असावा. रंगाविषयी निषेध माझ्या वाचनात नाही. माईंनी सारे शांतपणे ऐकून घेतले, दोन्ही घट पाण्याने भरले आणि दोन कोरड्या पाटांवर ठेवून दिले. दिवेलागणीस पुन्हा हाक आली. साध्या घटाच्या अंगावर दव पडल्यासारखा ओलावा होता आणि खालच्या पाटावर ओले वर्तुळ उमटले होते. रंगीत घटाखालचा पाट जसाच्या तसा कोरडा. “हा पाझरतच नाही हो. दाण्यांना पाणी कुठून मिळणार?” एवढेच बोलून त्यांनी रंगीत घट नातवंडांच्या हवाली केला. त्यात फुले ठेवा म्हणाल्या.

माईंनी पाटावर दाखविले ते घटस्थापनेचे मर्म होय. घट ही देवीची स्थापना आहे, तशीच ती पेरणीही आहे. भाजलेल्या मातीत सूक्ष्म रंध्रे असतात. त्यांतून पाणी हळूहळू झिरपते, भोवतालची माती ओलसर राहते आणि त्या ओलीवर नऊ दिवसांत धान्य वीतभर वाढते. तैलरंगाने ही रंध्रे बुजतात. तांब्याचा कलश मांडणाऱ्या घरांत परडीवर रोज हाताने पाणी शिंपडावे लागते. त्यात काही उणे नाही, पण ते काम घटाचे नव्हे, यजमानाचे. अव्रण असावा आणि तरीही पाझरावा, अशा दोन अटी मातीच्या घटास एकाच वेळी पाळाव्या लागतात. गळका घट वर्ज्य, पाझरणारा इष्ट. कुंभाराचे सारे कौशल्य या दोहोंच्या मधल्या चिंचोळ्या जागेत आहे.

ते कौशल्य प्रत्यक्ष पाहावे, म्हणून त्याच मुक्कामात पनवेल तालुक्यातील एका वृद्ध कारागिराच्या अंगणात दोन दिवस जाऊन बसलो. घट घडविण्याचा त्यांचा हंगाम उलटला होता. तरी माझ्या हौसेखातर त्यांनी दोन-चार घट घडवून दाखविले.

आरंभ अर्थातच मातीपासून. तळ्याच्या किंवा भातखाचराच्या तळची चिकण माती आणावयाची, वाळवून कुटावयाची, चाळावयाची आणि भिजत घालावयाची. नुसती चिकण माती वाळताना आक्रसते आणि तडकते. म्हणून तीत राख, बारीक वाळू किंवा वाळलेली लीद मिसळतात. भट्टीत लीद जळून जाते आणि तिच्या जागी रंध्रे उरतात. म्हणजे घटाचा पाझर येथे, मिसळणीतच ठरतो. मग ती माती पायांनी तुडवावयाची. खडा किंवा हवेचा बुडबुडा राहिला, तर भट्टीत भांडे फुटते, म्हणून पायांना सर्वत्र फिरावे लागते. हे तुडविणे ज्याने पाहिले आहे, त्यास गोरोबाकाकांच्या चरित्रातील तो हृदयद्रावक प्रसंग, नामात देहभान हरपून तुडविताना तान्हे मूल पायांखाली आल्याचा, निराळ्याच रीतीने जाणवल्यावाचून राहत नाही. माती तुडविताना मन हरविणे किती सोपे असते, ते त्या एकसुरी पावलांत दिसते.

नंतर चाक. जुने चाक जड असते. मधोमध खुंटा, त्याच्या टोकावर तोललेले हे वर्तुळ, आणि कडेजवळ एक खाच. खाचेत दांडा घालून कुंभार चाकास गरगर वेग देतो, दांडा बाजूस ठेवतो आणि ओणवा होऊन मातीच्या गोळ्यावर हात ठेवतो. आमच्या शास्त्रकारांचे लक्ष या क्षणावर फार आहे. ईश्वरकृष्णाच्या सांख्यकारिकेत ज्ञान झाल्यावरही ज्ञान्याचा देह काही काळ का टिकतो, याचे उत्तर या चाकाने दिले आहे: पूर्वी दिलेल्या वेगामुळे चाक फिरत राहते, तद्वत् पूर्वसंस्कारामुळे देह राहतो. श्रीमदाचार्यांनी ब्रह्मसूत्रभाष्यात प्रारब्धकर्माच्या विवेचनात हाच दृष्टान्त योजिला आहे. मात्र ग्रंथात जे चाक निवांत फिरत असते, त्याचा वेग अंगणात फार लवकर ओसरतो. तेवढ्यात गोळा मध्यावर स्थिर करावा लागतो, अंगठ्यांनी पोट उघडावे लागते, आत एक हात आणि बाहेर एक हात धरून भिंत वर खेचावी लागते. वेग मंदावला, की चाक हेलकावते आणि काठ वाकडा होतो. ओल्या चिंधीने काठ गोल करून, दोऱ्याने खालून कापून त्यांनी भांडे उचलले, तेव्हा चाक जेमतेम फिरत होते.

मी म्हणालो, “वा, घट झाला.” ते हसले. “कुठला घट, बुवा? हे तर नुसते गळा नि काठ.”

आणि ते खरे होते. चाकावरून उतरलेल्या त्या भांड्याचा गळा सुबक, काठ रेखीव. पण अंग जाड आणि बूड ओबडधोबड, सपाट. ज्यास आपण घट म्हणतो, ते गरगरीत गोल पोट चाकावर होतच नाही. चाकावर बूड गोल कसे होणार? ते तर चाकास चिकटलेले. भांडे सावलीत ठेवून कातड्यासारखे चिवट होऊ द्यावयाचे, मग मांडीवर घेऊन आतून दगडाचा गुळगुळीत गोटा धरावयाचा आणि बाहेरून लाकडी थापटण्याने त्याच जागी थापटावयाचे. थोडे फिरवावयाचे, पुन्हा थापटावयाचे. मध्ये सुकू द्यावयाचे आणि पुन्हा बसावयाचे. असे दोन-तीन वेळा केल्यावर भिंत सर्वत्र सारखी पातळ होते, मातीचे कण दाटून बसतात, पोट फुगते आणि बूड गोल होते. थाप जोरात पडली तर भेग, हलकी पडली तर जाडी तशीच. आतल्या गोट्याची जागा बाहेरून दिसत नाही. ती हातासच कळते. त्या घरी हे काम कारागिराच्या पत्नी करीत होत्या. त्यांची नजर बहुतांशी अंगणात, दाण्यांवर येणाऱ्या कोंबड्यांवर होती. थापटणे मात्र चुकत नव्हते.

येथे मला तेरची ती प्रसिद्ध कथा नव्याने उलगडली. तेर हे धाराशिव जिल्ह्यातील तेरणेकाठचे गाव, संत गोरोबाकाकांचे. त्यांची समाधी तेथेच आहे. समाधीचे साल परंपरा शके १२३९, म्हणजे इसवी सन १३१७ असे सांगते. सारे संत जमले असता मुक्ताबाईंच्या सांगण्यावरून काकांनी थापटणे घेतले आणि कोणते मडके पक्के, कोणते कच्चे, हे पाहावयास एकेकाच्या मस्तकावर थाप मारली. सारे निश्चल बसले. नामदेवरायांना मात्र ते सोसले नाही, आणि काकांनी हे मडके कच्चे असल्याचे सांगून टाकले. त्या बोलाने दुखावलेले नामदेवराय पुढे विसोबा खेचरांना शरण गेले, हे आपणांस ठाऊक आहे. ही कथा मी शेकडो वेळा उत्तररंगात सांगितली असेन. परंतु काकांनी हाती थापटणेच का घ्यावे? पंडितांच्या दृष्टान्तांत चाक आहे, दांडा आहे, दोरा आहे. थापटणे जवळजवळ नाही. पंडितांनी कुंभारास रस्त्यावरून पाहिले असावे. गोरोबाकाका त्या मांडीवर घेऊन बसण्याच्या कामातले होते. भांडे खरे होते ते चाक थांबल्यावर, हे त्यांना ठाऊक होते.

तेर मोठे प्राचीन. ग्रीक दर्यावर्दींच्या वृत्तान्तात येणारे तगर ते हेच. तेथील संग्रहालयात सातवाहन काळातील मातीची भांडी आणि मूर्ती ठेवलेल्या आहेत. म्हणजे काकांच्या आधीही हजार-बाराशे वर्षे त्या गावात आवे पेटत होते. त्याहूनही मागे जावयाचे, तर संगमनेर तालुक्यातील जोर्वे येथे १९५०-५१ साली झालेल्या उत्खननात चाकावर घडविलेली, तांबड्या अंगावर काळ्या रेघा काढलेली भांडी सापडली. पुढे तशीच भांडी नेवासे, इनामगाव आदी ठिकाणी निघाली. ती आजपासून सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीची आहेत. इनामगावास तर भांडी भाजण्याची भट्टीही आढळली.

एक गोष्ट मात्र वाचकांस चमत्कारिक वाटेल. वेदकाळी यज्ञकर्मात चाकावरच्या भांड्यास सर्वत्र मान नव्हता. मैत्रायणी संहितेत, जिचे अध्ययन आपल्याकडे नाशिक-खानदेशाच्या बाजूस परंपरेने होत आले, अग्निहोत्राच्या दुधाची स्थाली हाताने घडविलेली असावी, कुंभाराने चाकावर केलेले पात्र आसुरी होय, असे सांगितले आहे. प्रवर्ग्यातील महावीर नामक पात्रही वारुळाची माती, रानडुकराने उकरलेली माती इत्यादी मिसळून हातांनीच घडवीत. याचा अर्थ कुंभाराचे पात्र अपवित्र, असा कोणी घेऊ नये. परंपरा तेथे थांबली नाही. जे पात्र एके काळी यज्ञशाळेबाहेर होते, तेच आज आपल्या देवघरात जगदंबेचे आसन झाले आहे. लोकांनी आपल्या शेताची, पेरणीची देवी ज्या पात्रात आणली, ते पात्र त्यांच्या रोजच्या वापरातले होते. मला स्वतःला ही घटना कोणत्याही प्रमाणवचनाइतकीच मोलाची वाटते.

थापटून झालेला घट पुन्हा सुकतो. त्यावर तांबड्या कावेचा हात फिरतो. मग आवा. गोवऱ्या, पेंढा, भाताचे तूस यांच्या थरांत घट रचावयाचे, वरून ओली माती आणि राख यांनी झाकावयाचे आणि रात्रभर धुमसू द्यावयाचे. आच साधारण सातशे ते नऊशे अंश सेल्सियसपर्यंत चढते. एवढ्या आचेत माती पुन्हा पाण्यात विरघळणार नाही इतकी पक्की होते, पण काचेसारखी बंद होत नाही. म्हणूनच घट पाझरतो. धुरात कोंडलेली बाजू काळवंडते. माईंच्या साध्या घटावरचा तो काळा डाग आव्याचा होता, दोष नव्हे. आवा उकलल्यावर प्रत्येक घट बोटाच्या पेराने वाजवून पाहतात. खणखणीत वाजला तो पक्का. बद्द वाजला तो कच्चा किंवा तडकलेला.

आता थोडे न्यायशास्त्र. नैयायिकांचे घटाशिवाय पानही हालत नाही. विश्वनाथ पंचाननांच्या भाषापरिच्छेदात कारण कोणते आणि कारण नव्हे ते कोणते, याचा विचार आहे. कार्याच्या आधी हजर असूनही जे खरे कारण नसते, त्यास ‘अन्यथासिद्ध’ म्हणतात. त्याची उदाहरणे घटाचीच: दांडा कारण, पण दांड्याचा दांडेपणा नव्हे, त्याचा रंग नव्हे, आकाश नव्हे, माती वाहून आणणारे गाढव नव्हे, आणि कुंभाराचा बापही नव्हे. बाप कुंभारास कारण, घटास नव्हे. पाठशाळेत आम्ही विद्यार्थी गाढव आणि बाप एका यादीत पाहून फार हसत असू. मात्र टीकेत पुढे एक सूक्ष्म गोष्ट येते: बाप म्हणून तो अन्यथासिद्ध, परंतु कुंभार म्हणून त्यास कारण मानावयाचे असेल, तर त्यास हरकत नाही.

ही सूक्ष्म गोष्ट त्या अंगणात मला फार मोठी वाटली. त्या कारागिरांचा मुलगा तळोज्याच्या एका कारखान्यात नोकरीस आहे. नोकरी चांगली, महिन्याच्या महिन्यास वेतन, पावसाची चिंता नाही. त्यास दोष कोण देईल? ज्या भातखाचरांतून माती येत असे, तेथे आता इमारती उभ्या आहेत. माती विकत, दुरून आणावी लागते. खादी व ग्रामोद्योग आयोगाने २०१८ पासून कुंभार सशक्तीकरण कार्यक्रमातून विजेवर चालणारी चाके देण्यास आरंभ केला. ते उत्तमच झाले. दांडा फिरवून खांदे झिजविण्यात काही पुण्य नाही, आणि ज्यास ते चाक मिळाले त्याचे काम खचित हलके झाले असेल. पण त्या वृद्धांचे म्हणणे निराळे होते. “चाकाचे काय, बुवा, ते विजेवर फिरते. थापटायला बसावे लागते. आम्हां दोघांनंतर बसणार कोण?” त्यांना थापटणे त्यांच्या वडिलांनी शिकविले होते, म्हणजे शिकविले असे नव्हे, आत धरलेल्या गोट्यावर मुलाचा हात ठेवून बाहेरून आपण थापटले. हे ज्ञान ग्रंथात उतरत नाही. ज्याचा बाप कुंभार म्हणून कारण झाला नाही, त्याच्या हातून तसा घट उतरणे कठीण.

तेव्हा येत्या अमावास्येस घट घ्यावयास जाल, तेव्हा पुढील गोष्टी ध्यानी असू द्याव्यात. रंग न दिलेला, गोल बुडाचा घट घ्यावा. पेराने वाजवून पाहावा. बद्द आवाज आला तर ठेवून द्यावा. अंगावरचा काळा डाग पाहून घासाघीस करू नये, आणि एरवीही करू नये. आदल्या सायंकाळी तो पाण्याने भरून कोरड्या पाटावर ठेवावा; सकाळपर्यंत पाट ओलसर झाला पाहिजे, पाण्याचे थारोळे मात्र साचता कामा नये. परडीतील मातीत थोडा खळगा करून त्यात गोल बूड बसवावे, म्हणजे घट डळमळत नाही आणि ओल चोहोबाजूंस सारखी पोहोचते. नऊ दिवस पाणी कमी होईल तसे वरून घालीत जावे. शेतकऱ्याच्या घरी कोणते धान्य कसे उगवले, हे दसऱ्यास नीट पाहतात. शहरातल्या घरीही पाहावे. सावलीतले ते फिकट पिवळे अंकुर देवीस वाहून मग टोपीत खोवतात.

दसऱ्याच्या सुमारास कुंभारवाड्यात मात्र घटाचे काम संपून पणत्यांचे सुरू झालेले असते. चाकावर एकच मोठा गोळा ठेवतात आणि त्याच्या शेंड्यावरून एकामागून एक पणती उतरवीत जातात, दोऱ्याच्या एका ओढीसरशी एक. पणतीस थापटणे लागत नाही. ती चाकावरून थेट उन्हात जाते.